शेक

कापड बाजाराच्या वळणावर बर्फाच्या हातगाडीचं चाक खड्ड्यात आपटलं आणि गोणपाटाखालच्या लादीचा एक टवका निसटून माझ्या उजव्या पायावर पडला. घडलं ते एवढंच. मे महिन्यातला रविवार, सकाळचे दहा वाजून गेलेले, टोपीतूनही टाळू पोळावी असं ऊन, आणि चपलेतल्या माझ्या बोटांवर ओंजळभर बर्फ. गाडीवाल्यानं लागलं का म्हणून विचारलं, मी नाही म्हणालो, आणि तो खड्ड्याला शिव्या घालत पुढं गेला. रस्त्यावरच्या एका बाईनं वाकून तो तुकडा उचलला, पदरानं भुसा पुसला आणि सरळ तोंडात टाकला. या वर्षी असल्या गोष्टींचं कुणाला काही वाटत नाही, नळाला चौथ्या दिवशी पाणी येतंय. मी मात्र भर रस्त्यात उभा राहून बोटं हलवून बघत होतो. अंगठा हलला, शेजारचं बोट हललं, करंगळीला जरा उशीर लागला. मग गार वाटायला लागलं आणि मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लगेच लाज वाटली. दोन वर्षं हेच चाललंय. सकाळी उठलो की आधी मी पायाची बोटं एकेक करून दाबतो, लागलं की मग अंथरूण सोडतो. आपले पाय आपल्या जागी आहेत एवढ्याची खात्री करून घेण्यात माझ्या दिवसाची पहिली पाच मिनिटं जातात, आणि ज्याचे पाय जागी नाहीत त्याच्याकडे मी दर रविवारी जेवायला जातो.

आजही तिकडेच निघालो होतो. दिल्ली दरवाजाच्या आत, गहिनीनाथच्या दोन खोल्यांकडे. पण आज जेवायला नव्हे. आज मुक्तावहिनींना सांगायचं होतं की त्याचा पाय शेकणं बंद करा, आत्ताच्या आत्ता, आणि का ते विचारलं तर तेही सांगायचं होतं. तेच अवघड होतं. गहिनीनाथचा डावा पाय गुडघ्याखाली दोन वर्षांपूर्वी गेला. उजव्याची दोन बोटं गेली आणि उरलेल्याची जाणीव गेली. त्या उजव्यावर थंडीपासून एक जखम आहे, ती भरत नाही, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गुरुवारी सांगितलं की मंगळवारपर्यंत सुकायला लागली तर बघू, नाहीतर हाही काढावा लागेल. हे मला शुक्रवारी पोस्टात कळलं. शुक्रवार गेला, शनिवार गेला, दोन्ही दिवस मी पत्रं वेगळी करत बसलो. माझं कामच ते आहे, पत्ता बघायचा आणि ज्या त्या गावच्या खणात पत्र टाकायचं, शेवगाव शेवगावात, नेवासा नेवाशात. वीस वर्षांत माझ्या हातून एक पत्र चुकीच्या खणात गेलं नाही असं आमचे साहेब बाहेरच्या माणसांना सांगतात. मुक्तावहिनी दिवस कलला की चुलीत वीट तापवतात, फडक्यात गुंडाळतात आणि त्याच्या पायाला लावतात. ज्या पायाला विस्तव कळत नाही त्याला रोज तापली वीट. हे मी दोन वर्षं बघत होतो, आणि चहा पीत होतो.

आमच्याकडे दुखण्याला पहिलं उत्तर शेक. पोट दुखलं, शेका. पाठ धरली, शेका. लहानपणी माझ्या कानात ठणका लागायचा तेव्हा आई मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करायची आणि आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची. त्या मिठाचा वास आणि आईच्या हाताचा वास मला वेगळे करता येत नाहीत. शेवगावकडच्या त्या उजाड मुलखात डॉक्टर तालुक्याला आणि तालुका बारा मैलांवर, तिथं वीट आणि एरंडाचं पान एवढीच औषधं, आणि ती लागू पडायची. निदान लागू पडतात असं वाटायचं. उष्णतेनं माणसाचं वाईट होईल हे आमच्या डोक्यात कुणी घातलंच नव्हतं. ऊन वाईट, दुष्काळ वाईट, पण चुलीची ऊब वाईट कशी असेल? मी हे स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते वकिलाच्या तोंडून आल्यासारखं ऐकू येतं.

ट्रिप काकासाहेबांनी काढली. काकासाहेब म्हणजे जिल्हा परिषदेतले आमचे स्नेही, नेवाशाचे, वर्षभर रेल्वेचं टाइमटेबल वाचणारे आणि कुठंही न जाणारे. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांनी ठरवलं की आपण चौघांनी बद्रिनारायण करायचं आणि बर्फ बघायचा. चौघे म्हणजे ते, पोस्टासमोर सायकल दुरुस्त करणारा बन्सी, मी आणि गहिनीनाथ. गहिनीनाथ आमच्याच पोस्टात पोस्टमन. पाथर्डीकडचा, माझ्याहून चार वर्षांनी लहान, आणि चालणं असं की लोक त्याला पायांवरून ओळखत. रुंद, भेगाळलेले, काळ्या मातीतले पाय. खात्यानं दिलेल्या चपला तो पिशवीत ठेवायचा आणि साहेबांचा बंगला आला की घालायचा. आम्ही त्याची चेष्टा करायचो की तुझ्या टाचेवर तिकीट चिकटवून शिक्का मारला तर दिल्लीपर्यंत जाईल. तो नुसता हसायचा. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि त्यासाठी मुक्तावहिनींनी काहीतरी बोलून ठेवलं होतं, म्हणून तो यायला तयार झाला. मला बोलायला कुणी नव्हतं आणि रजा शिल्लक होती. मनमाडला गाडी बदलली तेव्हा आम्ही चौघे शाळकरी पोरांसारखे खिडकीसाठी भांडलो होतो. ते भांडण मला आठवतं तेव्हा त्यात गहिनीनाथ खिडकीशी बसून पाय वर घेतो आणि मांडी घालतो, आणि मी त्या मांडीकडे बघत राहतो.

बर्फ म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं ही हातगाडी यायची, भुसा आणि गोणपाट. फार तर वळवाच्या गारा, ताटात गोळा करून तोंडात टाकायच्या. बद्रिनारायणाला पोचलो तेव्हा दूरवर डोंगरांवर तो दिसत होता, पण काकासाहेबांचं समाधान होईना. हातात पाहिजे म्हणाले. दुसऱ्या दिवशी दर्शन झाल्यावर पुढच्या शेवटच्या गावापलीकडे धबधबा आहे, तिथं बर्फातून वाट जाते असं कुणीतरी सांगितलं आणि आम्ही चौघे निघालो. आकाश निळं होतं. गाव ओलांडलं तशी गहिनीनाथनं कॅनव्हासचे बूट काढले, नाड्या एकमेकींत बांधल्या आणि गळ्यात अडकवले. त्याच्या घरात मढीचं फार. मढीला कानिफनाथांच्या गडाची शीव लागली की वहाणा काढायच्या, लहान असो थोर असो, आणि ज्याला मागणं आहे त्यानं तर काढायच्याच. त्याचं म्हणणं पडलं की ही तर साक्षात देवांची शीव, इथून पांडव गेले, इथं बूट घालून चालायचं म्हणजे काय. काकासाहेबांनी थोडं समजावलं, बन्सीनं त्याला वेडा म्हटलं. मी म्हणालो, असू द्या, त्याच्या पायांना काय होतंय. मी म्हणालो हे मला पक्कं आठवतं. आम्हा तिघांना त्याच्या पायांचा अभिमान होता, गावातल्या एखाद्या बैलाचा असावा तसा, आणि मला तर जरा जास्तच, कारण मी त्याचा सगळ्यांत जवळचा.

दुपारी बर्फ पडायला लागला. पहिल्यांदा आम्हाला तो कळलाच नाही, राख उडतेय असं वाटलं. मग काकासाहेबांनी हात पसरले आणि ते मोठ्यानं हसायला लागले, बन्सी नाचला, मी तोंड उघडून उभा राहिलो आणि जिभेवर काहीतरी येऊन नाहीसं झालं. गहिनीनाथ हात जोडून उभा होता. आमच्या चौघांच्या आयुष्यातली ती एकुलती एक चैनीची दहा मिनिटं असतील. इतकी शांतता मी पुढं कधी ऐकली नाही. पाऊस पडताना आवाज होतो, गारा वाजतात, हे नुसतं उतरत होतं, आणि बघता बघता धबधबा दिसेनासा झाला, मग पुढची वाट, मग काकासाहेबांचा हसरा चेहरा. परत फिरलो तेव्हा गुडघ्यापर्यंत बर्फ होता. कुणीतरी थांबून गहिनीनाथला बूट घालायला लावायला हवं होतं. तो म्हणत होता, शीव ओलांडली की घालतो, आता थोडक्यासाठी कशाला. आणि शीव कुठं ते कुणाला दिसत होतं? सगळं एकच पांढरं शिवार. तीन तास आम्ही चाललो असू. वाटेत मी एकदा त्याला विचारलं, पाय गार पडले का, तर तो म्हणाला, मघाशी लई दुखत हुते, आता काईच न्हाई, आता झ्याक हाय. मला बरं वाटलं. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, यापलीकडे आम्हाला काय ठाऊक होतं.

एका मेंढपाळाची दगडी झोपडी लागली. आत एक म्हातारा होता, लोकरीचा घोळदार अंगरखा, तोंडात दात नाहीत, आणि मध्यभागी निखाऱ्यांची शेगडी. त्यानं आम्हाला आत ओढलं. मग त्याची नजर गहिनीनाथच्या पायांवर गेली आणि तो काहीतरी बोलायला लागला, त्याच्या डोंगरी बोलीत, भराभर, हात हलवत. पाय पांढरे झाले होते, मेणाचे असावेत तसे, टाचेवर टिचकी मारली असती तर वाजली असती. मी शेगडी पुढं ओढली. गहिनीनाथला निजवलं, त्याचा डावा पाय दोन्ही हातांत धरला आणि निखाऱ्यांवर धरला, आई मिठाची पुरचुंडी तव्यावर धरायची तसा, फक्त आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचं राहिलं. म्हाताऱ्यानं माझा हात धरून मागं ओढला. मी त्याला ढकललं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं त्याला कोळसा संपायची काळजी पडलीय. तो पुन्हा आला, पुन्हा ओरडला, आणि मी ऐकत नाही असं बघितल्यावर त्यानं काय करावं, तर अंगरख्याचे बंद सोडले, गहिनीनाथचा उजवा पाय उचलला आणि स्वतःच्या उघड्या पोटाला लावला, वरून अंगरखा ओढून घेतला आणि डोळे मिटून बसला. काकासाहेब हसले. यात्रेकरूची चरणसेवा करून पुण्य मिळवतोय म्हणाले. आम्ही सगळे हसलो, गहिनीनाथही हसला, आणि मी डावा पाय आणखी खाली घेतला. मी त्याला विचारत होतो, भाजतंय का रे? तो म्हणत होता, अजिबात न्हाई, धर बिनघोर. वास आला तेव्हा मला वाटलं म्हाताऱ्याची लोकर जळतेय.

बर्फ थांबल्यावर त्याला उचलून खाली नेलं. तिथल्या लष्कराच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, बहुतेक पंजाबी. त्यानं दोन्ही पाय बराच वेळ निरखले आणि मग आम्हा तिघांकडे वळून हिंदीत विचारलं, हा डावा पाय विस्तवावर कुणी धरला. काकासाहेब बाहेर तार करायला जायच्या घाईत होते, बन्सी भिंतीला टेकून पेंगत होता. मी म्हणालो, तिथल्या म्हाताऱ्यानं. शब्द आधी बाहेर पडले आणि मग मला कळलं की मी ते बोललो. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला, म्हणाला, नवल आहे, इकडची माणसं असं कधी करत नाहीत. मग हाताखालच्या माणसाला तो इंग्रजीत सांगायला लागला. पोस्टातल्या कारकुनाला इंग्रजी येत असेल हे त्याच्या मनातही नसावं. तो म्हणाला की गोठलेल्या पायाला जाणीव नसते, तो नुसत्या अंगाच्या उबेनं किंवा कोमट पाण्यानं हळूहळू गरम करावा लागतो, या मूर्ख म्हाताऱ्यानं तो भाजून काढलाय, नाहीतर दोन्ही पाय सारखेच वाचले असते. दोन्ही सारखेच. गहिनीनाथ कांबळ्याखाली डोळे मिटून पडला होता. त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या अंगात आहे, आणि मी ते कुणाला दिलेलं नाही. पत्रं पोचवणाऱ्या खात्यात असून.

पुढं जे झालं त्याला मी काय म्हणू? काकासाहेब आणि बन्सी परतले, मी राहिलो. चाळीस दिवस राहिलो, बिनपगारी. डावा पाय काढला तेव्हा बाहेरच्या बाकावर मीच होतो. त्याचं भांडं मी उचललं, त्याला दाढी मी केली, आणि नगरच्या स्टेशनवर मी त्याला पाठीवरून उतरवलं तेव्हा निम्मं पोस्ट हजर होतं. तोवर काकासाहेबांनी गावभर सांगून ठेवलं होतं की आपला श्रीमंत बरोबर होता म्हणून, त्यानं झोपडीत पाय शेकले म्हणून एक तरी पाय घरी आला, नाहीतर बर्फानं दोन्ही खाल्ले असते. मुक्तावहिनी माझ्या पायांवर पडल्या. तिथं, फलाटावर, सगळ्यांच्या देखत. माझं नाव श्रीमंत, त्यावरून आयुष्यभर लोकांनी मला चिडवलं, की पगार बघा आणि नाव बघा. त्या दिवशी पहिल्यांदा लोक ते नाव मान देऊन घ्यायला लागले. मी वाकून वहिनींना उठवलं आणि गप्प राहिलो. पुढं तीन-चार महिन्यांनी एका रविवारी गेलो तर त्या विटेला फडकं गुंडाळत होत्या. म्हणाल्या, तुमी शेकलं म्हणून ऱ्हायला, आता मी रोज शेकते. त्याच वेळी बोललो असतो तर एक वाक्य बोलावं लागलं असतं. प्रत्येक रविवारी त्यात एक वाक्य वाढत गेलं. शिवाय त्या घरात मला पाट होता. खोलीवर परत गेलं की माझ्याशी कुणी बोलत नाही, स्टोव्ह पेटवला की त्याचा आवाज तेवढा असतो. आठवड्यातून एकदा कुणीतरी भाऊजी म्हणून आत घेतंय, भाकरी गरम आहे तोवर बसा म्हणतंय, एवढ्यावर मी एका माणसाचा पाय पणाला लावला. हिशेब करायचाच झाला तर तो असा आहे.

दिल्ली दरवाजापाशी खडीच्या कामावर जाणारी माणसं ट्रकमध्ये बसत होती, पाथर्डी-शेवगावकडची, डोक्याला फडकी. रोज त्यांची पत्रं येतात आणि जातात, सगळ्यांत एकच मजकूर, इकडे पाणी नाही, तिकडे आहे का. मी त्यांच्या पायांकडे बघत चाललो होतो. उन्हात पाय टाकताना मी मनात वाक्यं जुळवत होतो. वहिनी, तो शेक आजपासून बंद. वहिनी, डॉक्टर म्हणाले. कुठला डॉक्टर? मग मी डॉक्टरचं सांगणार, मग म्हाताऱ्याचं. ती बाई काय करेल? ओरडेल, किंवा ओरडणार नाही आणि आत निघून जाईल. मला दोन्ही चालणार होतं. दोन दिवस शेक थांबला तर जखम सुकेल, मंगळवारी डॉक्टर म्हणतील बघू या, आणि मी त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकणार नाही, हा सौदा मला पसंत होता. खरं सांगायचं तर त्यात थोडा आनंदही वाटत होता. इतक्या दिवसांनी मला काहीतरी करता येणार होतं.

गहिनीनाथ खाटेवर बसला होता, उजवा पाय उशीवर, त्यावर मलमलीचं फडकं. माश्या वारायला हातात वर्तमानपत्र. वहिनी मागल्या दारी हंडे घेऊन टँकरच्या रांगेत गेल्या होत्या. मी टेकलो. जखमेचा वास येत होता, त्यानं उदबत्ती लावून ठेवली होती. मी विचारलं, कसा आहे पाय. तो म्हणाला, काल पुन्हा दाखवला. बन्सीला घेऊन टांग्यानं गेला होता, वहिनींना सांगितलं पोस्टात काम आहे. डॉक्टरांनी फडकं काढलं आणि लगेच झाकलं. घोट्याच्या वर चढलंय. आता मंगळवारी बघायचं असं काही नाही, मंगळवारी काढायचाच आहे. मांडीपर्यंत जाऊ नये म्हणून. हे त्यानं पोस्टातल्या बदलीची बातमी सांगावी तसं सांगितलं. मी वाटभर जुळवलेली वाक्यं माझ्या तोंडात तशीच राहिली. मग मला वाटलं, आता तरी बोललंच पाहिजे, पाय वाचत नाही तर निदान खरं तरी. मी म्हणालो, गहिनीनाथ, त्या झोपडीत. त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"म्हाताऱ्यानं पोटाशी धरला तो ऱ्हायला," तो म्हणाला. "तू धरलास तो गेला. मला काय दिसत नव्हतं व्हय?"

मी उठून मागलं दार लोटून घेतलं.

"दवाखान्यात तू म्हाताऱ्याचं नाव घेतलंस, तवा मी जागा हुतो. तवाच वळखलं."

मी विचारलं, मग बोलला का नाहीस. मला रडायला येत होतं आणि त्याचा संताप येत होता, दोन्ही एकदम. दोन वर्षं मी ज्याच्यापासून लपवत होतो तो दोन वर्षं माझ्या ताटात वाढत होता.

"बोललो असतो तर तू आला असतास का? चाळीस दिस कोन ऱ्हातं श्रीमंता. भाऊ न्हाई आले माझे."

"आणि वहिनींना वीट लावू देत होतास? तुला माहीत असून?"

बाहेर रांगेतल्या बायकांची हंड्यांवरून बोलाचाली चालली होती, त्यात वहिनींचा आवाज कुठला ते ओळखू येत होतं. मग तो हळूहळू सांगायला लागला, माझ्याकडे न बघता. पाय तोडून आणला तेव्हा पहिले तीन महिने ती त्याच्याजवळ आली नव्हती. जेवण द्यायची, पाणी द्यायची, पण अंथरूण उंबऱ्यापाशी. तिला भीती वाटायची, त्या तुटक्याची शिसारी वाटायची, आणि तसं वाटतं म्हणून ती चुलीपाशी रडायची. पहिल्यांदा ती खाटेवर येऊन बसली ती वीट घेऊन. त्याला वाटलं, जिथं काही कळत नाही तिथं काय बिघडणार आहे, आधीच मेलेला पाय. वीट कळायची नाही, पण ती बसली की खाट कलते ते कळायचं. मग थंडीत फोड आला. तेव्हाही तो बोलला नाही, डॉक्टरांनी विचारलं तर स्टोव्हला लागला म्हणाला. आता बोलायचं म्हणजे तिला काय सांगायचं?

"हा दुसरा तिनं घालवला म्हनून सांगू? तुज्यावानी तीबी जन्मभर घिऊन बसंल." त्यानं माझं मनगट धरलं, चांगलं जोरात. "तू आज सांगायला आलायस. मला कळलं दारातच. सांगू नगंस. माजा पाय तर गेला. तिला कशाला घालवतोस?"

तेवढ्यात मागलं दार वाजलं. वहिनी डोक्यावर एक आणि काखेत एक हंडा घेऊन आल्या, घामानं निथळत, आणि मला बघून त्यांना इतकं बरं वाटलं की ते मला बघवेना. हंडे उतरवता उतरवता त्या बोलत होत्या, की बरं झालं आलात, परवा मंगळवार, दोन दिस हाती हायेत, मी तर आता दिसातनं दोन बारी शेकते, सकाळी अन् सांजच्याला. तोंड पुसून त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवर भाजल्याचे जुने डाग होते, विटेचे. ते मी आजवर पाहिले नव्हते.

"भाऊजी, एक खरं सांगा," त्या म्हणाल्या. "तुमच्या हाताला गुन आला. माजं शेकनं कुटं कमी पडतंय का?"

गहिनीनाथ माझ्याकडे बघत नव्हता. तो उदबत्तीकडे बघत होता, ती संपत आली होती. मला वाटलं, कुणीतरी यावं, पत्र्यावर काहीतरी पडावं, या बाईनं माझ्यावरची नजर काढावी. असं काही झालं नाही. दोन वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं तेव्हा मी गप्प बसलो, आणि आता गप्प बसण्याइतकंही माझ्या हातात राहिलं नव्हतं, मला उत्तर द्यावं लागणार होतं.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "तुमचं कुठं कमी पडलं नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग म्हणाल्या, तसं असंल तर आत्ताचं राह्यलंय ते उरकून घेते, च्या मागनं ठिवते. त्या आत गेल्या. चुलीत फुंकर घातल्याचा आवाज आला, मग वीट सरकवल्याचा. थोड्या वेळानं त्या फडक्यात गुंडाळलेली वीट दोन्ही हातांत धरून दारात आल्या, आणि गहिनीनाथ हातांवर जोर देऊन भिंतीकडे सरकला आणि त्यांना बसायला खाटेवर जागा केली.